यंदा थंडी नाई

आमच्या घरमालकांना वाघाची भीती नव्हती, थंडीची होती. उभी हयात वनखात्यात मजुरी केलेला माणूस. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचे पट्टे, कापताना दोनदा वाघ समोर येऊन उभा राहिलेला, आणि ती हकिकत ते चहात टोस्ट बुडवत सांगायचे; टोस्ट तुटून चहात पडला तर त्याचंच दुःख जास्त. पण दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की त्यांच्या तोंडावर काळजी उतरायची. मी एकदा न राहवून विचारलं, भाऊ, थंडी काय वाघापेक्षा मोठी आहे?

"वाघ येते, पाह्यते, निंगून जाते," ते म्हणाले. "थंडी येते आन् बसून राह्यते."

पोंभुर्ण्याहून जंगलाच्या अंगाला आत गेलं की लागणाऱ्या एका गावात माझी शाळेवर बदली झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आता मी नागभीडला स्लॅबच्या घरात राहते आणि डिसेंबरात लादीवर पाय ठेवला की मला भाऊ आठवतात, कारण सिमेंटचं घर म्हणजे थंडीचं माहेर, हे वाक्य त्यांचं. त्यांना स्वतःला सरकारी घरकुल मिळालं होतं. चांगली पक्की खोली, वर स्लॅब, लोखंडी दार. त्यात त्यांनी छतापर्यंत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून ठेवलं होतं आणि स्वतः शेजारच्या जुन्या मातीच्या घरात राहत होते. मी भाड्यानं खोली बघायला गेले तेव्हा अर्थातच पक्क्या खोलीकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, तिथी तणस राह्यते, तुम्ही मातीत राहा. पहिल्याच भेटीत माझी जागा मला कळली. मातीच्या घरातल्या दोन खोल्या माझ्या, दोन त्यांच्या, मधे एक भिंत.

ती भिंत छपराच्या कवेलूंपर्यंत पोचत नव्हती. त्या भागातल्या जुन्या घरांत नसतेच पोचत. वर हातभर जागा मोकळी. त्यामुळे त्यांची फोडणी मला शिंकवायची आणि माझा मोबाइल वाजला की ते पलीकडून ओरडून सांगायचे, "म्याडम, फोन वाजून राह्यला." मी काय बोलले हेही त्यांना ठाऊक असायचं, पण ते कधी बोलून दाखवत नसत. एवढे सभ्य कान असलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी राजुऱ्याला दिलेली. ती रोज फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, हे तिचे प्रश्न, त्यांचा मात्र एकच, आणि तो दसऱ्यापासून होळीपर्यंत रोजचा, "तिकडे गोठलं का?"

म्हणजे खोबरेल तेल. भाऊंच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला बाहेरून एक खिळा होता आणि त्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली खोबरेलाची छोटी बाटली. रोज सकाळी तोंड धुण्याआधी ते ती बाटली आडवी करून बघत. तेल हललं, तर थंडी अजून वेशीबाहेर आहे. ज्या दिवशी हललं नाही, त्या दिवशी थंडी आली. मग भाऊ माकडटोपी चढवून गावातून एक फेरी मारत आणि दारादारात एवढंच सांगत, गोठलं. लोक हसायचे, पोरं त्यांना थंडीवाला बुढा म्हणायची. पण खरं सांगते, त्याच दिवशी बाया माळ्यावरून वाकळा काढून उन्हात टाकायच्या, दुकानदार स्वेटरं दाराशी टांगायचा आणि मीसुद्धा शाळेची प्रार्थना सावलीतून उन्हात आणायची. हसावं लोकांनी, पण ऐकावं भाऊंचं, अशी गावाची रीत होती.

घर थंडीसाठी तयार करायची त्यांची तऱ्हा तर काय सांगावी. आधी उदबत्ती. ती पेटवून ते भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू फिरत. धूर सरळ वर गेला तर ठीक. वाकला की तिथं फट. तिथं खडूनं फुली. खडू अर्थातच माझ्या शाळेचा. पहिल्या वर्षी माझ्या दोन खोल्यांत इतक्या फुल्या पडल्या, की माझ्याकडे आलेल्या केंद्रप्रमुखांना वाटलं मी घरी शिकवणी घेते. मग माती, शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, पायानं तुडवून ते एकेक फुली बुजवत. दाराखालच्या फटीला त्यांचा वेगळा उपाय होता. जुन्या पायजम्याचा एक पाय कापायचा, त्यात धानाचा कोंडा ठासून दोन्ही तोंडं शिवायची आणि तो दाराशी आडवा टाकायचा. माझ्या दाराशी निळ्या पट्ट्यांचा पाय होता. कोणी आलं की आधी तो पाय ओलांडायचं, मग बसायचं.

आणि या सगळ्याच्या मधोमध गोरसी. गोरसी म्हणजे मातीची पसरट शेगडी. तिच्यात कोंडा नि गोवरी दडपून वर राख पसरली, की इस्तो, म्हणजे विस्तव, दिवसरात्र आत धुमसत राहतो. दिवाळीला पेटलेली भाऊंची गोरसी होळीपर्यंत विझायची नाही. ते तिला उशाशी घेऊन झोपत. धूर भिंतीवरून माझ्याकडे यायचा, पण मी सवय करून घेतली. घर कमी भाड्याचं, मालक भला, आणि थंडीच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे पाण्यात काठी मारणं.

एक वर्ष मात्र त्यांची चांगलीच फजिती झाली. त्यांच्या डोक्यात आलं, की माणूस स्वेटर घालतो तर घरानं काय घोडं मारलंय? घरकुलातलं तणस काढून त्यांनी त्याच्या लांब वेण्या वळल्या आणि उत्तरेची भिंत वरपासून खालपर्यंत त्या वेण्यांनी मढवली. आठ दिवस लागले. घर खरंच छान दिसत होतं, सोनेरी. लोक बघायला आले. भाऊ खुशीत पोंभुर्ण्याच्या बाजाराला गेले. संध्याकाळी गावची गुरं चरून परत येत होती, त्यांनी थांबून घर खाल्लं. मी आत वह्या तपासत होते. भिंतीला कसला तरी खसाखसा आवाज येतोय म्हणून बाहेर येऊन बघते, तर दहा-बारा गाई ओळीनं आमचा स्वेटर चावताहेत. हाकलल्या तर एक हलेल शपथ! भाऊ परत आले तेव्हा गुडघ्यापासून छातीपर्यंत भिंत उघडी पडली होती, वर तेवढी झालर उरलेली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जाऊ द्या, त्यायले तरी थंडी लागन नाई.

हे सगळं गमतीचं. गमतीचंच राहिलं असतं, पण पुढल्या वर्षी माझी आई आली.

आई वर्ध्याला एकटी राहायची. दम्याची. आदल्या हिवाळ्यात आठ दिवस दवाखान्यात काढले होते तिनं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, थंडी आणि धूर, दोन्हींपासून जपा. माझा भाऊ पुण्याला. तो म्हणाला, माझ्याकडे ये. आई त्याच्याकडे एकदा महिनाभर राहून आली होती आणि परत येताना म्हणाली होती, तिथं खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्याच दिसतात, माणूस दिसत नाही. तिला माझ्याकडे यायचं होतं. बरीच बोलाचाली झाल्यावर भावानं तोड काढली. हा एक हिवाळा जंगलातल्या त्या मातीच्या घरात काढून बघा. एकदा जरी दवाखाना झाला, तर मी गाडी घेऊन येईन आणि आई कायमची पुण्याला. मी हो म्हटलं, आणि रात्रभर मला फुल्याफुल्यांच्या भिंती दिसत राहिल्या.

भाऊंना सगळं सांगितलं. खरं तर सांगायची गरज नव्हती, भिंतीवरून त्यांनी ऐकलं होतंच. त्यांनी एकच विचारलं, "धूर बिलकूल चालत नाई?" मी म्हटलं, बिलकूल नाही. ते कोपऱ्यातल्या रिकाम्या गोरसीकडे बघत बसले. दुसरं घर शोधावं लागणार, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाल्याकडून बेशरमचा भारा घेऊन आले. बेशरम ही आमच्याकडे नाल्याकाठी माजणारी झुडपं. काही केलं तरी मरत नाहीत आणि गाय त्यांना तोंड लावत नाही. मागल्या वर्षीचा धडा होता तो. त्या काड्यांचा त्यांनी ताटवा विणला, आईच्या खोलीच्या बाहेरून भिंतीपासून वीतभर लांब उभा केला, मधल्या जागेत धानाचा कोंडा ठासला आणि वरून मातीनं लिंपून घेतलं. एका भिंतीच्या दोन भिंती झाल्या. उदबत्ती घेऊन त्या खोलीत तर ते तीनदा फिरले. शेवटच्या फेरीला धूर असा सरळ वर गेला की मला वाटलं, चित्रात काढलाय.

आई आली, खोलीत बसली आणि म्हणाली, बाप्पा, हे तर कोंबडीच्या पंखाखाली बसल्यासारखं वाटते.

दिवाळीला भाऊंनी रीतीप्रमाणे गोरसी पेटवली. त्याआधी मधल्या भिंतीवरची मोकळी जागा त्यांनी तट्टे लावून, लिंपून पक्की बुजवली होती. पण कवेलूच तो. धूर कवेलूखालून वळसा घेऊन आमच्याकडे आला. आईला ढास लागली. दोन दिवस त्यांनी वर चढून काय काय बुजवलं, तरी धूर यायचाच. तिसऱ्या दिवशी आई भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं बोलली, म्हणजे मला सांगितल्याचं निमित्त आणि ऐकवायचं पलीकडे. म्हणाली, "माझ्यापायी कोणाचा इस्तो बाहेर गेला, तर मी इथी राह्यणार नाई. उद्याच पुण्याची गाडी धरतो." आईचा स्वभाव मला माहीत होता. जन्मभर तिनं कोणाचा पाण्याचा पेला बसल्या जागी घेतला नव्हता. ती बोलली म्हणजे गेलीच असती.

सकाळी उठून बघते तर गोरसी रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली, आणि भाऊ तिच्यापाशी पोत्यावर बसलेले. आईनं दारातूनच विचारलं, हे काय भाऊ?

"आत उकडून राह्यलं बाई," ते म्हणाले. "तुमच्या भिंतीनं अख्खं घर तापवलं. यंदा थंडीच नाई."

मी आणि आई दोघी हसलो. म्हातारा स्वतःच्याच कारागिरीला फसला, असं आम्हाला वाटलं. त्या दिवसापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला ते चिंचेखाली असत. झोपायला तेवढे घरात, तेही बिनइस्त्याच्या खोलीत. रोज दिवेलागणीला गोरसीत तापवलेल्या दोन विटा गोणपाटात गुंडाळून ते आणून द्यायचे आणि आईच्या खाटेखाली ठेवायला सांगायचे. इस्तो पेटलेलाच हाय, विटा फुकट तापते, हे वर. आईला रात्री ढास लागेनाशी झाली. भाऊंशी गप्पा मारायला ती दुपारी उन्हात ओट्यावर बसायची, माझ्या भावासाठी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत. भाऊ रस्त्याच्या त्या बाजूनं बोलायचे. मधून बैलगाडी गेली की दोघं थांबायचे आणि धूळ बसली की पुढं सुरू.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष लागला. शाळेतली पोरं कुडकुडत यायला लागली. पण भाऊंची बाटली काही गोठेना. कोणीही विचारलं, की ते घरात जाऊन बाटली घेऊन यायचे आणि आडवी करून दाखवायचे. तेल झुळझुळ. यंदा थंडी नाई. लोक स्वेटर घालून ते ऐकायचे आणि एकमेकांना कोपर मारायचे. दुकानदारानं तर विचारलं, "भाऊ, तुमच्या बाटलीले ताप आला का?" ज्या माणसाच्या एका शब्दावर गावाच्या वाकळा उन्हात पडायच्या, त्याची आता टिंगल चालली होती. आणि त्यांनी माकडटोपीही सोडली होती. दोन स्वेटरांतला एकच अंगात. वय झालं की माणसाचं असं होतं, असं मीही शाळेत बोलून गेले. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच.

पौषातल्या एका रविवारी सकाळी धुकं उतरलं. चिंच दिसेना इतकं. आई म्हणाली, न्हाणीत माझी तेलाची बाटली आहे, ती जरा शेकून आण. मी बाटली घेतली तर आतलं खोबरेल चुन्यासारखं घट्ट पांढरं. माझ्या काही लक्षात आलं नाही. तशीच रस्ता ओलांडून गोरसीकडे गेले. धुक्यात भाऊ गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, ओठ निळे पडलेले. माझ्या हातातली बाटली त्यांनी बघितली आणि नजर खाली घातली. मी तशीच घरामागं जाऊन उत्तरेची भिंत बघून आले. खिळा रिकामा होता.

"भाऊ, तुमची बाटली कुठं आहे?"

त्यांनी स्वेटर वर केला. बाटली कमरेला, पोटाशी, गमछ्यात बांधलेली. तेल पातळ, आणि बाटली हाताला कोमट लागत होती.

"दिवाळीपासूनच गोठलं जी," ते म्हणाले. "बाईले सांगू नोका. थंडी हाय म्हनून समजलं, त मी बाहेर काऊन बसतो ते बी समजन. मंग ते राह्यते का?"

मी म्हटलं, अहो पण तुम्हाला थंडी सोसत नाही.

"एवढे साल मी थंडी सोतासाठीच अडवली म्याडम," ते गोरसीची राख सारखी करत म्हणाले. "दुसऱ्यासाठी यंदाच अडवून राह्यलो. मजा हाय त्याच्यात बी."

मी तेल पातळ करून घरी आले. मला खोटं जमत नाही; आईच्या केसांना तेल लावायला मी तिच्या पाठीमागं बसले. सांगावं तर आई बॅग भरणार, न सांगावं तर ते म्हातारं माणूस तिथं धुक्यात बसलेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "गोठलं होतं ना?"

मी तेल लावत राहिले.

"दोन महिन्यांपासून गोठून राह्यलं. मी रोज उन्हात ठेवून पातळ करतो, तुले दिसू नये म्हनून. आज ऊनच नाई पडलं."

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी हबकून विचारलं, मग तू पुण्याला का गेली नाहीस? तूच तर म्हणाली होतीस.

आई म्हणाली, "माझ्यासाठी जन्मात कोणी एवढं खोटं बोललं नाई. बोलू दे त्यायले एक हिवाळा. पुण्याले खरं बोलणारे लय हायेत."

त्या संध्याकाळी भाऊ विटा घेऊन आले, तेव्हा आईनं शिवून झालेली वाकळ त्यांच्यापुढे ठेवली. लेकासाठी शिवली होती ना बाई, असं ते म्हणाले. आई म्हणाली, पुण्याला कुठं थंडी असते? ते म्हणाले, थंडी त इथी बी नाई. नाहीच आहे, आई म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडे ठेवायला देते, माझ्याकडे जागा नाही. आणि पडून राहिली तर कसर लागेल, म्हणून अंगावर घेत जा. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी विटांकडे बघितलं. त्यांनी वाकळ घेतली.

मग आईनं हात पुढे केला. माझं तेल संपलं, तुमची बाटली द्या, उद्या भरून देते, म्हणाली. भाऊंची पंचाईत झाली. पाठ फिरवून त्यांनी कमरेची गाठ सोडली आणि बाटली दिली. आईनं ती कोमट बाटली हातात घेतली, क्षणभर तशीच धरली, आणि फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रस्ता ओलांडून स्वतः चिंचेखाली गेली आणि भरलेली बाटली भाऊंच्या हातात दिली. भाऊंनी ती उजेडाकडे धरली. आतलं तेल पिवळं धमक होतं. त्यांनी बूच काढून वास घेतला. जवसाचं तेल. जवसाचं तेल कितीही थंडी पडली तरी गोठत नाही, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. भाऊ आईकडे बघतच राहिले. आई चिंचेच्या फांद्यांकडे बघत होती, जणू यंदा चिंचा किती लागल्यात तेच मोजायला आली होती.

ते उठले. घरामागं जाऊन उत्तरेच्या खिळ्याला त्यांनी बाटली बांधली आणि परत येऊन वाकळ कानांवरून ओढून बसले. आता कमरेला बाटली नव्हती, दोन्ही हात गोरसीवर मोकळे होते. थोड्या वेळानं दुकानदार सायकल ढकलत आला. त्यानं मुद्दाम थांबून विचारलं, गोठलं का भाऊ? भाऊ त्याला भिंतीपाशी घेऊन गेले आणि बाटली आडवी केली. पिवळं तेल इकडून तिकडे वाहिलं. दुकानदारानं तेलाकडे बघितलं, भाऊंच्या वाकळीकडे बघितलं, ओट्यावर येऊन बसलेल्या माझ्या आईकडे बघितलं. आणि त्या दिवशी तो हसला नाही. म्हणाला, खरंच गा भाऊ, यंदा थंडी नाई. मग गळ्यातला मफलर काढून त्यानं सायकलीच्या हँडलवरच्या पिशवीत हळूच टाकला.

त्यानंतर सगळं गावच तसं म्हणायला लागलं. पोरं नाकं लाल करून वर्गात यायची आणि मला सांगायची, म्याडम, यंदा थंडी नाई.

होळीला भाऊंनी गोरसीतला इस्तो होळीत टाकला. आईला एकदाही दवाखाना झाला नव्हता. त्याच संध्याकाळी पुण्याहून माझ्या भावाचा फोन आला. त्यानं काळजीनं विचारलं, आई, जंगलात फार थंडी होती का गं?

आई ओट्यावर बसली होती. रस्त्यापलीकडे भाऊ चिंचेखालची राख झाडत होते. ती फोनमध्ये बोलली, पण असं मोठ्यानं, की पलीकडे नीट ऐकू जावं.

"यंदा थंडी पडलीच नाई रे," ती म्हणाली.